तात्यांच्या पोटातला फुगा

"रतन, आगं धाव! ह्यो माणूस जीव द्यायला बसलाय बघ!"

आईची हाक ऐकून मी शिलाईचं मशीन तसंच सोडून परसात पळाले. जीव द्यायला बसलेला माणूस म्हणजे माझे वडील, किसनतात्या वायदंडे. शेळीच्या खोपटाआड उलट्या घमेल्यावर बसले होते. हातात क्लॅरिनेट, गाल अजून फुगलेलेच. आईनं एका हातानं क्लॅरिनेट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा.

"सोड सोजर, चाव्या मोडतील त्याच्या."

"मोडू द्या. पोटातलं फुटण्यापरीस ही पिपाणी फुटलेली बरी."

"आगं, वाजवत न्हवतो. नुस्तं ओठाला लावून बघत हुतो, तोंडाची पत्ती वाळलीय का काय ते."

"मग ते प्यँ कुणी केलं? शेळीनं?"

मला हसू फुटलं. तात्याही हसले. आई मात्र हसली नाही. तिनं क्लॅरिनेट काढून घेतलं, पदरात गुंडाळलं आणि घरात नेऊन गव्हाच्या कोठीमागं ठेवलं. तिथनं ते काढायचं तर कोठी सरकवावी लागणार आणि तात्यांना जड सरकवायला बंदी. बंदोबस्त पक्का होता.

तात्या उभी हयात बार्शीच्या बँडात वाजवत आले. लग्नाच्या वरातीत त्यांच्या क्लॅरिनेटनं एकदा सूर धरला की ओट्यावरच्या बायका हातातलं काम टाकून बाहेर येत. नवऱ्याशी पटेना म्हणून मी माहेरी परत आले, तेव्हा महिनाभर कुणाशी बोलत नव्हते. तात्यांनी मला एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून वाजवत राहायचे, एवढंच. ते वाजवणं बंद होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

झालं होतं ते असं. तात्यांना लघवीला त्रास व्हायला लागला, म्हणून आम्ही त्यांना सोलापूरला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर मैंदर्गीबाई मोठ्या मायाळू. त्यांनी तात्यांच्या पोटावर तो गार चिकट पदार्थ लावला, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि एका जागी थांबल्या.

"काका, लघवीचं काही काळजीचं नाही, गोळ्यांनी बरं होईल. पण दुसरं एक दिसतंय. विडी ओढता का?"

"लहानपनापासनं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. तिच्या भिंतीत लवचीक धागे असतात. ठोका पडला की भिंत ताणते आणि पुन्हा जागेवर येते. माणूस जन्मल्यापासून हेच चालू असतं, झोपेतसुद्धा. वय झालं की ते धागे झिजतात, तुटतात, आणि शरीर काही नवे धागे घडवत नाही. भिंत ताठ होते. मग एखाद्या जागी तिला दाब सोसत नाही आणि ती फुग्यासारखी बाहेर येते.

"सायकलीची ट्यूब टायरातनं भायेर येती, तसं?" तात्यांनी विचारलं.

"तसंच समजा. विडीनं हे आणखी लवकर होतं."

"आन् मग फुटतो का?" हे आईनं विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"फार मोठा झाला तर फुटू शकतो, मावशी. साडेपाच सेंटिमीटरच्या वर गेला की ऑपरेशन करतात. काकांचा चारच्या आसपास आहे. असा फुगा घेऊन कितीतरी लोक शेवटपर्यंत जगतात. दर सहा महिन्यांनी बघत राहू. विडी बंद, बीपीची गोळी रोज, जड उचलायचं नाही. बाकी नेहमीसारखं राहा, फिरा."

"ह्ये बँडात वाजिवत्यात. फुकायचं काम हाय."

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "फार जोर लावून नको. घरी बसून, सावकाश, अधूनमधून चालेल."

आईनं त्यातलं 'नको' एवढंच घेतलं. बाकीचं तिच्या कानापर्यंत गेलंच नाही. निघता निघता तिनं विचारलं, "म्हातारपनानं हुतं म्हंता, मग समद्यांनाच हुतं का?"

"भिंती सगळ्यांच्याच म्हाताऱ्या होतात. फुगा थोड्यांनाच धरतो. बायकांना तर बराच कमी."

"चला, येक तरी दुखणं बाप्यांच्या वाटणीला आलं," आई म्हणाली आणि तिनं स्वतःच्या पदरानं तात्यांचं पोट पुसलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात तात्यांच्या पोटातला फुगा हा एक वेगळा माणूस असल्यासारखा राहायला लागला. त्याला त्रास होईल असं काही करायचं नाही. भाजीत तिखट कमी झालं, कारण ठसका लागतो. तात्या खोकले की आई हातातली भाकरी टाकून उठायची. विड्यांचं बंडल तिनं चुलीत घातलं, आणि घालताना तिच्या स्वतःच्या दातांना मिश्री लावलेली होती. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे.

घरातलं जड म्हणून जे होतं ते सगळं तिच्याकडं आलं. पाण्याच्या कळशा, दळणाचा डबा, शेळीच्या वैरणीचा भारा. मी मध्ये पडले की म्हणायची, "तू मशीनवर बस. तुझ्या हाताला वळण हाय, ते बिघडवू नगं." तात्यांची बीपीची गोळी ती स्वतःच्या हातानं त्यांच्या तळव्यावर ठेवायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची. तिचं स्वतःचं बीपी कधी कुणी बघितलं नव्हतं. ती कधी आजारीच पडत नसे, निदान आम्हाला तसं वाटायचं.

तात्या कंटाळले होते. बँडातले सोबती यायचे, नव्या गाण्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि आई चहा देता देता त्यांना लवकर वाटेला लावायची. लग्नसराईत लांबून बँड ऐकू आला की तात्यांची बोटं मांडीवर हलायला लागायची. आई ते बघायची आणि दार लावून घ्यायची.

एकदा मी तिला म्हणाले, "आई, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, थोडं वाजवलं तर चालेल."

"त्यांचं काय जातंय म्हनायला," ती म्हणाली. "माझा नवरा हाय."

पुढची तपासणी वैशाखात आली. तिच्या आधी काही दिवस आईची पाठ धरली होती. कमरेच्या वर, डाव्या बाजूला. मी तेल चोळून दिलं, तव्यावर तापवलेल्या फडक्यानं शेकलं. ती म्हणाली, गोधड्या धुतल्या ना, त्यानं झालं. तात्या म्हणाले, "आपण फुडच्या आठवड्यात जाऊ सोलापूरला. तुला बसात हादरं बसत्याल."

"माझ्या पाठीपायी तुमची तारीख चुकवायची? वा रं वा."

सकाळच्या बसनं आम्ही निघालो. सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर आई खांबाला धरून जरा वेळ उभी राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, "पाय आखडल्यात." दवाखान्यात गर्दी होती. बाकावर तिला बसवत नव्हतं. एकदा उठायची, एकदा बसायची, पाठीमागं मूठ दाबून धरायची. तात्यांचा नंबर लागला तेव्हा मात्र सगळं विसरून ती त्यांच्या आधी आत गेली.

डॉक्टरबाईंनी यंत्र फिरवलं. आई पडद्याकडं अशी बघत होती जणू तिला त्यातलं सगळं कळतंय.

"मस्त," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिथल्या तिथं आहे काका. अजिबात वाढलेला नाही. मावशी, हे तुमच्यामुळं हं."

आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती तशी दिसत नाही. तिनं डॉक्टरबाईंना हात जोडले. तेवढ्यात मी म्हणाले, "डॉक्टर, आईची पाठ फार दुखतेय चार दिवस."

"हिचं काय ऐकता," आई म्हणाली. "पाण्याच्या कळशांनी भरलीय पाठ."

"कुठं दुखतंय, मावशी?"

"ही हितं, कमरंत. तेलानं जाईल."

डॉक्टरबाईंनी साडीवरूनच पाठीवर हात ठेवून जरा दाबलं. बाहेर रांग होती. दारातून नर्सनं पुढचं नाव पुकारलं सुद्धा. "स्नायू आखडलाय बहुतेक. ओझं उचलू नका थोडे दिवस. लावायला मलम देते. नाही थांबलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा."

तात्या टेबलावरून उतरत होते. यंत्र चालूच होतं. टेबलावरचा कागद नर्सनं बदलला, पुढची बाई आत आली आणि आम्ही बाहेर पडलो.

आई त्या दिवशी फार खुशीत होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात तिनं आपणहून शेंगाचटणी आणि भाकरी मागवली, तात्यांच्या ताटात चटणीसुद्धा वाढली. स्वतः मात्र दोन घास खाऊन ताट सरकवलं. भूक नाही म्हणाली.

"आवं," ती एकदम म्हणाली, "घरी गेल्यावर वाजवा."

तात्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"वाजवा म्हनलं. थोडंच. बसून. मी हाय समोर. गाल लाल दिसलं की बंद करायचं."

"कोठी कोण सरकवणार?"

"मीच सरकवली, मीच काढीन."

तात्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि उगीचच परत ठेवला. म्हाताऱ्या माणसाचे डोळे असे भरतात ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

बसमध्ये आई खिडकीशी, मधे तात्या आणि कडेला मी. तात्यांचं पोरासारखं चाललं होतं. काय वाजवायचं, पत्ती नवी आणावी लागेल, पहिल्यांदा श्वास पुरेल का. आई डोळे मिटून 'हं, हं' म्हणत होती. वडाळा गाव मागं पडलं आणि तिचं 'हं' थांबलं. मी वाकून बघितलं, तर तिच्या कपाळावर घाम डवरला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"आई?"

"पोटात कळ आली. वारा धरलाय, त्या भाकरीचा."

"पाणी देऊ?"

"नगं. रतन, सगळी बस फिराय लागलीय गं."

ती पुढच्या सीटवर डोकं टेकून कण्हायला लागली. आई कण्हते हे मला माहीतच नव्हतं. मी ओरडले. कंडक्टर धावत आला, तिच्याकडं एकदा बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मधे थांबू नको, सरळ वैरागच्या दवाखान्यात घे." गाडीतल्या कुणीही कुरकुर केली नाही. एका बाईनं तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली.

दवाखान्याच्या फाटकाशी बस थांबली. तिला उतरवायचं होतं. तात्या उठले, वाकले, त्यांनी तिच्या काखेत हात घातला. आईनं डोळे उघडले. तिला बोलवत नव्हतं, तरी तिनं तात्यांचा हात ढकलला.

"तुम्ही नगं. तुम्ही उचलू नगा मला. फुटंल."

"सोजर, गप."

"रतन, ह्यांना बाजूला कर."

मी तात्यांना बाजूला केलं. कंडक्टरनं आणि एका प्रवाशानं आईला उचलून नेलं. तात्या बसच्या पायऱ्यांवर दांडा धरून उभे राहिले. ती शेवटचं बोलली ते एवढंच.

आतल्या तरुण डॉक्टरानं नाडी बघितली, बीपी बघितलं, पोटावर तळहात ठेवला आणि तो ठेवूनच नर्सवर ओरडला. दोन्ही हातांना सलाइन लागलं. सोलापूरला न्यायला गाडी बोलावली. गाडी आली, स्ट्रेचर काढलं आणि मग ते कुणी आत आणलं नाही. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

डॉक्टर आमच्याजवळ आला. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. तो सांगायला लागला, "आजोबा, खूप प्रयत्न केले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली असणार. तिला फुगा आलेला होता, हाताला लागत होता."

तात्या शांतपणे, समजूत घालावी तसे म्हणाले, "न्हाई डॉक्टर. तुमची कायतरी गल्लत हुतीया. फुगा माझ्या पोटात हाय."

आणि त्यांनी सदरा वर केला. पोट उघडं करून ते उभे राहिले. "ह्यो बघा. हितं हात लावा. आजच मोजलाय. तिचं नुस्तं पाठीचं दुखणं हुतं."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मला पुढं होऊन तात्यांचा सदरा खाली करावा लागला.

शवचिकित्सेतही तेच निघालं. तेराव्यानंतर आम्ही डॉक्टर मैंदर्गीबाईंना भेटायला गेलो. भांडायला नव्हे. तात्या म्हणाले, "तिनं त्यांना हात जोडलं हुतं. त्यांना ठावं पायजे." बाई ऐकत राहिल्या. नंतर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधी कधी पाठीतच दुखतं," त्या म्हणाल्या. "बायकांना हे कमी होतं, पण झालं तर फुगा लहान असतानाच फुटतो. मिश्री, न कळलेलं बीपी, वय... मला त्या वेळी सुचायला हवं होतं. टेबल मोकळंच होतं. पाच मिनिटं लागली असती."

"तीच झोपली नसती," तात्या म्हणाले. "नंबर ह्यांचा हाय, म्हनली असती."

त्यांनी बाईंचं मन राखायला तसं म्हटलं की ते खरंच होतं, मला अजून कळत नाही. दोन्हीही असेल.

त्यानंतर तात्या आठ वर्षं जगले. आईनं घातलेले सगळे नियम त्यांनी पाळले, ती असताना पाळत नव्हते इतके. गोळी तळव्यावर घ्यायचे, जरा वेळ हात तसाच धरून बसायचे आणि मग गिळायचे. दर सहा महिन्यांनी सोलापूरला यायचे, टेबलावर झोपायचे, उतरायचे आणि आकडा न विचारता बाहेर जाऊन उभे राहायचे. आकडा मी विचारायचे.

एकदा मी कोठी सरकवली आणि क्लॅरिनेट त्यांच्यासमोर ठेवलं. "तात्या, आईनंच सांगितलं होतं की, वाजवा म्हणून."

"घरी गेल्यावर वाजवा, आसं म्हनली हुती," ते म्हणाले. "घरी आलीच कुठं ती?"

पुढं ते क्लॅरिनेट त्यांनी बँडात देऊन टाकलं. छातीत कफ भरल्याचं निमित्त होऊन ते गेले. फुगा शेवटपर्यंत जिथल्या तिथं होता.

आता माझी साठी उलटून गेलीय. मैंदर्गीबाईंनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं की रक्ताच्या नात्यात हे असतं, वय झालं की तू स्वतःचं बघून घे. बरीच वर्षं मी टाळलं. मागच्या महिन्यात सोलापूरला गेले. बाई आता काम करत नाहीत, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसतो. त्यानं पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, तुमचं एकदम व्यवस्थित आहे. मुद्दाम हेच तपासायला आलात? घरात कुणाला होतं का?"

"वडिलांना. आणि आईला."

"दोघांनाही?" त्यानं मान वर केली. "वडिलांचा केवढा होता?"

"चार पूर्णांक एक. शेवटपर्यंत तेवढाच."

"आणि आईंचा?"

मी पोट पुसलं, साडी सारखी केली आणि टेबलावरून उतरले.

"तिचा कधी मोजला नाही," मी म्हणाले. "ती तात्यांचा मोजून घ्यायला यायची."